जुन्या फोटोत गुत्ता की चहाचं हॉटेल? ओळखायचं कसं

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादा काळापांढरा फोटो येतो. पत्र्याचं छप्पर, बाहेर बाकडं, चार माणसं. खाली कुणीतरी लिहितं, ‘आपल्या फाट्यावरचा जुना गुत्ता’. तासाभरात तो फोटो चार गावांत फिरतो. पण ते चहाचं हॉटेल असलं तर? बाकड्यावरच्या आजोबांची नातवंडं आजही गावात राहतात आणि ‘दारूवाल्याचं घर’ हा शिक्का त्यांच्यावर बसतो. म्हणून नाव लिहिण्याआधी फोटो नीट वाचावा.

आधी फोटो सुलटा आहे का बघा. निगेटिव्ह उलटी छापली गेली की डावं-उजवं बदलतं. पाटीची अक्षरं उलटी दिसतात. पाटी नसेल तर एसटी बघा, तिचा दरवाजा डाव्या अंगाला असतो.

मग पाटी मोठी करून वाचा. ‘सी.एल. ३’ हा देशी दारूच्या किरकोळ दुकानाचा परवाना, ‘एफ.एल. ३’ परमिट रूमचा. देशी दारूचे नियम १९७३ चे, म्हणजे ‘सी.एल. ३’ दिसलं तर फोटो त्यानंतरचा. पश्चिम महाराष्ट्रात १९५० पासून दारूबंदी होती, त्यामुळे त्या दशकातल्या फोटोत उघडपणे पाटी लावलेला गुत्ता सापडणं अवघडच. मराठवाडा आणि विदर्भ १९५६ पर्यंत दुसऱ्या राज्यांत होते, तिथं हा हिशेब चालत नाही.

काळ ठरवायला दरपत्रक फार कामाचं. भाव आण्यात असतील तर फोटो बहुधा १९५७ च्या आधीचा. ‘न.पै.’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचा, कारण ‘नये पैसे’ तेवढीच वर्षं चालले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. लातूरकडच्या पाटीवर ‘जि. उस्मानाबाद’ असेल तर ती पाटी रंगवली तेव्हा लातूर जिल्हा झालेला नव्हता, तो झाला ऑगस्ट १९८२ मध्ये. पाटी जुनी आणि फोटो नवा, असंही होतं बरं का.

जागा मात्र पाटीवरून नाही, मागच्या डोंगरावरून सापडते. रस्ता रुंद झाला, दुकानं गेली, तरी डोंगराची रेघ, देवळाचा कळस, विहीर सहसा जागेवर असतात. फोटो मोबाइलवर उघडून तिथंच उभं राहा आणि कळस व डोंगर फोटोत दिसतात तसे जुळेपर्यंत मागंपुढं सरका.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना ‘हा अमक्याचा गुत्ता ना?’ असं विचारू नका. ते भिडेखातर ‘हो’ म्हणतात. ‘इथं काय होतं?’ एवढंच विचारा, दोघा-तिघांना, वेगवेगळं बसवून. ग्रामपंचायतीच्या जुन्या नमुना ८ मध्ये घरपट्टी कुणाच्या नावावर होती ते मिळू शकतं. फोटोची मागची बाजूही बघा, तिथं स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीनं लिहिलेलं साल असतं. ग्रुपवर टाकणारे नेमकी तीच बाजू टाकत नाहीत.