चिंचोक्यांचं घर आणि बाळाचा दोरा

आज अंगणवाडीतल्या एका विषयाबद्दल बोलू या. 'माझं घर, माझी माणसं' हा तो विषय. भिंतीवरच्या तक्त्यात आई, बाबा, आजी, आजोबा, ताई, दादा आणि पाळण्यातलं बाळ असतं. सेविकाताई एकेका चित्रावर बोट ठेवतात, मुलं एका सुरात नावं सांगतात, एक गाणं होतं आणि विषय संपतो. आपल्यालाही वाटतं, यात शिकवायचं ते काय? घर तर पोरांना माहीतच आहे.

पण तीन ते सहा वर्षांच्या मुलाला घराइतकं दुसरं काहीच ओळखीचं नसतं. म्हणून तर त्याचं शिकणं घरापासून सुरू होतं. मोजायला शिकायचं तर आधी घरची माणसं मोजायची. बोलायला शिकायचं तर आधी घरातलं सांगायचं. आणि घरात कोणाचं कौतुक होतं, कोणाला मागं बसवतात, कोण जन्मलं की पेढे वाटतात, हेही मूल याच वयात टिपून ठेवतं. आपण समजतो त्याला काय कळतंय. त्याला सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही.

ही गोष्ट आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार आधी ओळखली होती. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. शहरातल्या बालवाडीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी पानं, बिया, खडे, शिंपले आणि माती यांतूनच शिकवायची साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. पुढे १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आईबाप कामाला गेले की धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहणार, मग ती शाळेत येणार कशी? त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवली आणि तिला 'विकासवाडी' म्हटलं. कडेवरच्या बाळामुळे शाळा अडत होती, तर त्या बाळालाच शाळेत जागा दिली. सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ ला. आज गावोगाव दिसते ती अंगणवाडी त्या योजनेतली.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते बघू. पैसा लागत नाही. चिंचोके, दोरा, जुनी झबली आणि थोडा वेळ एवढंच लागतं.

पहिला खेळ चिंचोक्यांच्या घराचा. प्रत्येक मुलासमोर फरशीवर खडूनं एक चौकोन काढायचा. हे तुझं घर. घरात जितकी माणसं, तितके चिंचोके आत ठेवायचे, आणि ठेवताना नाव घ्यायचं. ही आज्जी, हे आबा, ही काकी. एक नाव, एक चिंचोका. यालाच मोजणं म्हणतात. नुसतं एक ते शंभर घडाघडा म्हणणारं मूल इथं अडखळतं, आणि न म्हणणारं बरोबर मोजतं. पुष्कळ मुलं स्वतःला मोजायलाच विसरतात. तेव्हा हसायचं नाही. "आणि हे चिंचोके ठेवणारं कोण?" एवढंच विचारायचं. मग कोणाच्या घरात जास्त माणसं, कोणाच्या कमी, सारखी कोणाची, हे शेजारी शेजारी ओळ लावून मुलंच सांगतात. कोणी म्हैस आणि कुत्रंही घरात धरलं तर धरू दे. त्यांच्यासाठी निराळी बी द्यायची, म्हणजे वेगळं काढणं, गट करणं आपोआप आलं.

नात्यांची नावं ही तर आपल्या भाषेची श्रीमंती. आईची बहीण मावशी, बाबांची बहीण आत्या. आईचा भाऊ मामा, बाबांचा भाऊ काका. माणूस कोणाच्या बाजूचा, हे नावातच आहे. मूल हे शिकतं तेव्हा ते विचार करायला शिकत असतं. आपल्या जिल्ह्यात सीमेकडच्या गावांत कुणाच्या घरी कन्नड बोलतात, कुणाच्या घरी अम्मी आणि नानी म्हणतात. ती नावं तशीच घेऊ द्यायची. "नीट बोल, आई म्हण" असं म्हटलं की मूल गप्प होतं, आणि एकदा गप्प झालेलं मूल बोलतं करायला महिने जातात.

आता या खेळातली नाजूक जागा. प्रत्येकाचं घर तक्त्यातल्यासारखं नसतं. कुणाचे बाबा फौजेत, कुणाचे पुण्या-मुंबईला. त्यांचा चिंचोका चौकोनाच्या बाहेर ठेवायचा, पण खेळात ठेवायचा. लांब आहेत, तरी आपले आहेत. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची माणसं येतात, त्यांची लेकरं फडाशेजारच्या कोपीत राहतात. त्यांचा चौकोन म्हणजे कोपीच. "हे काय घर आहे?" असं कोणी म्हणू नये, एवढं आपण बघायचं. कुणी आजीजवळ वाढतंय, कुणाची आई एकटी आहे. अशा मुलाला चारचौघांत "बाबा कुठं आहेत?" असं विचारायचं नाही. घरात कोण कोण, हे ज्याचं त्याला ठरवू द्यायचं. आणि दोन चिंचोक्यांचं घर हे पूर्ण घर असतं, हे सेविकाताईंच्या तोंडून सगळ्यांनी ऐकायचं.

याच ठिकाणी मला हेरवाडची आठवण करून द्यावीशी वाटते. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं ४ मे २०२२ ला ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात १७ तारखेला राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव मोठ्या माणसांचा, पण त्याची परीक्षा लहान मुलांसमोर होते. अंगणवाडीत गरोदर बाईची ओटी भरायचा कार्यक्रम असतो. मुलं तिथंच असतात. ज्या मुलाची आई विधवा आहे, ते बघत असतं की माझ्या आईला ओटी भरायला बोलावतात का. बोलावलं, तर त्या मुलाला कळतं की माझं घर इतरांसारखंच आहे. नाही बोलावलं, तर तेही कळतं, आणि ते भिंतीवरच्या कुठल्याही तक्त्यानं पुसलं जात नाही.

दुसरा खेळ बाळाचा. गावात कुणाचं तरी चार-सहा महिन्यांचं बाळ असतंच. त्याला आणि त्याच्या आईला अंगणवाडीत पाहुणे म्हणून बोलवायचं. आईची इच्छा असेल तरच. दृष्ट लागेल अशी भीती घरच्यांना वाटत असेल तर वाद घालायचा नाही, त्यांच्याच अंगणात चार मुलं नेऊन बघायचं. बाळाचं पोट भरलेलं असावं आणि झोप झालेली असावी. सर्दी-खोकल्याच्या मुलांनी लांब बसायचं. बाकीच्यांनी साबणानं हात धुवून अर्धगोल करायचा. बाळ आईच्या मांडीवर. हात लावायचा तो फक्त पायाला. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

या वेळी सेविकाताईंनी सांगायचं कमी आणि विचारायचं जास्त. बाळाला दात आहेत का? मग ते काय खातं? त्याला बोलता येत नाही, तर भूक लागल्याचं कसं सांगतं? तुम्हाला काय येतं जे बाळाला येत नाही? मुलं भराभरा सांगतात. मला पळता येतं, मला चड्डी घालता येते, मला पाणी पिता येतं. आपण मोठे झालो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पटतं.

जाताना बाळाच्या लांबीएवढा दोरा कापायचा आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. दर महिन्याला बाळ आलं की शेजारी नवा दोरा. नुकतं जन्मलेलं बाळ साधारण ५० सेंटीमीटर असतं आणि वर्षाचं होईपर्यंत ते ७५ च्या आसपास जातं. दोरे वाढताना मुलांना डोळ्यांनी दिसतं. तसंच वजनाचं. तीन किलो ज्वारी पिशवीत भरून दुपट्यात गुंडाळा आणि बसलेल्या मुलाच्या मांडीवर द्या. जन्मलेलं बाळ एवढंच असतं. मग वजनाच्या दिवशी मूल स्वतः काट्यावर उभं राहतं, तेव्हा तो काटा कशासाठी, हे त्याला समजलेलं असतं. आणि आयांनाही दोऱ्याकडे बघून आपल्या बाळाची वाढ विचारावीशी वाटते.

तिसरा खेळ बाहुलीची आंघोळ. घमेल्यात कोमट पाणी, एक बाहुली, जुनी झबली, टोपडी, लंगोट. लहानमोठे कपडे लावणं, बटण लावणं, पिळणं, वाळत घालणं, यात बोटांना वळण लागतं आणि तीच बोटं पुढे पेन्सिल धरतात. या खेळात मुलगेही हवेत. "बायकांची कामं काय करतोस" असं मुलाला म्हणू नका. आज बाहुलीला पुसणारा पोरगा उद्या आपल्या बाळाला घेऊन लसीकरणाला जाईल. आणि खेळात दुधाची बाटली ठेवू नका. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, हे आपण आयांना सांगतो. मग मुलांच्या खेळातही बाहुलीला छातीशी धरू दे.

खेळांइतकंच महत्त्वाचं आहे आपण मोठी माणसं काय बोलतो ते. दुसऱ्या बाळंतपणाला आई माहेरी जाते. थोरलं मूल एक तर तिच्याबरोबर गाव बदलतं, नाही तर आजीजवळ मागं राहतं. दोन-तीन महिन्यांनी ते अंगणवाडीत परत येतं ते रडकं, हट्टी, कधी पुन्हा चड्डी ओली करणारं. हा खोडसाळपणा नसतो. त्याची जागा गेली असं त्याला वाटत असतं. त्यात आपण गमतीनं म्हणतो, "आता तुला कोण घेणार? आता बाळाचेच लाड." आपली गंमत होते, त्याची झोप उडते. त्याऐवजी "बाळाचं टोपडं आणून दे" असं छोटं काम द्या आणि दिवसातून थोडा वेळ त्याला एकट्याला मांडीवर घ्या.

"बाळ कुठून आलं?" असं मूल विचारतंच. "दवाखान्यातून विकत आणलं" म्हणू नका. ते उद्या परत देऊन या म्हणेल. "आईच्या पोटात वाढलं आणि मग बाहेर आलं" हे खरं उत्तर चार वर्षांच्या मुलाला पुरतं. आणि एखाद्या घरात बाळ दगावलं असेल, तर हा विषय घेण्याआधी सेविकाताईंना ते माहीत हवं. त्या मुलाला "बाळ झोपलं" असं सांगितलं तर ते झोपायला घाबरतं. बाळ आजारी होतं, ते वारलं, आणि त्यात तुझी काही चूक नव्हती, एवढं जवळ घेऊन सांगायचं.

शेवटची गोष्ट. दोन मुलींच्या घरात आई पुन्हा गरोदर राहिली, की शेजारच्या बाया धाकटीला विचारतात, "काय गं, भाऊ पाहिजे ना तुला?" पोरगी मान हलवते. आपण खूश होतो. पण त्या वेळी ती काय शिकली? की अजून एक माझ्यासारखी आली तर घराला नको आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षांच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. २०११ ला त्या ८६३ झाल्या. तेव्हाही राज्याचा आकडा ८९४ होता, म्हणजे आपण मागंच होतो. हा आकडा गर्भलिंग तपासणाऱ्यांनी घडवला हे खरं, पण त्यांच्या दारात जाणारी पावलं आपल्याच घरांतून निघाली. म्हणून अंगणवाडीत बाहुलीचं बारसं कराल तेव्हा मुलीचंही करा. पाळणा तसाच सजवा, घुगऱ्या तशाच वाटा, कानात कुर्रर्र तसंच करा. मुलांनी बघितलेलं त्यांच्याजवळ राहतं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. महिन्यातून एकदा गटातल्या दोघी जणी तासभर अंगणवाडीत जाऊन बसतील. एखादी आजी ओवी म्हणेल, एखादी बाळ घेऊन येईल. जुनी झबली-टोपडी धुवून एका पिशवीत देता येतील. सेविका आणि मदतनीस दोघींच्या हातात किती कामं असतात ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना विचारून जा. आणि संध्याकाळी आपल्या घरच्या पोराला विचारा, "आज तुझ्या घरात किती चिंचोके ठेवलेस रे?" तो कोणाकोणाची नावं घेतो, ते मात्र नीट ऐका.