लिव्हर शेवटचा कधी टाकला होता?

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या नाहीत तर श्रेय संपादकांचं, आणि दिसल्या तर त्या माझ्या! मराठी विभागासाठी लिहायचं ठरल्यावर रूममेट म्हणाली, "प्रेमावर लिही, सगळे वाचतात." पण मी पडले मेकॅनिकलची. म्हणून लिहितेय एका जुन्या जीपवर.

आमचं गाव गगनबावडा तालुक्यात. कोल्हापूर जिल्ह्यातला हा धो धो पावसाचा भाग. घर वस्तीवर, डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. मधली वाट लाल मातीची. पावसाळ्यात तिथे नुसता राडा असतो. आजोबांकडे तीसेक वर्षांची फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे, ती याच वाटेसाठी.

२०२४ च्या जुलैमधली रात्र. आजीला दम्याचा जोराचा झटका आला. जीप पहिल्या सेल्फला चालू झाली. अर्ध्या वाटेवर मागची चाकं जागेवर फिरायला लागली. आजोबांनी फोर-व्हीलचा लिव्हर ओढला. तो हललाच नाही! बाबांनी जोर लावला, तरी नाही. शेवटी शेजारच्यांचा ट्रॅक्टर आला आणि त्याने जीप ओढून काढली. दवाखान्यात पोहोचायला दीड तास जास्त लागला. आजी वाचली. पण ते दीड तास मी तिचा हात धरून मागे बसले होते, आणि ते मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "आप्पा, ही गाडी आता भरवशाची राहिली नाही. विकून टाकू." आजोबा काहीच बोलले नाहीत. मिस्त्री आले, खाली शिरले, बाहेर आले आणि एकच प्रश्न विचारला. "लिव्हर शेवटचा कधी टाकला हुता?"

कुणालाच आठवेना. वस्तीची वाट तीन-चार वर्षांपूर्वी मुरूम टाकून बरी झाली होती, तेव्हापासून गरजच पडली नव्हती. त्या वर्षी मुरूम वाहून गेला, आणि गरज पडली!

आता थोडी थिअरी. (घाबरू नका, व्हायवा नाही.) जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची पेटी असते. एरवी ती इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना देते. लिव्हर टाकला की पुढचा शाफ्टही त्यात जोडला जातो. पण गाडी वळते तेव्हा पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. हा फरक सामावून घ्यायला मध्ये डिफरन्शियल नसतो. मातीत चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. म्हणून "डांबरावर फोर-व्हील टाकू नये" हा नियम एकदम बरोबर आहे. गंमत अशी, की लोक हा नियम इतका पाळतात, की लिव्हर कधीच टाकत नाहीत.

आणि न वापरलेली वस्तू जपली जाते हा आपला गैरसमज. आमच्या जीपमध्ये लिव्हरने सरकणारा दांडा चिखल-पाण्याने गंजून जाम झाला होता. पुढच्या हौसिंगमधलं ऑइल चहासारखं दुधाळ झालं होतं, म्हणजे आत पाणी. ते कसं शिरलं? हौसिंगला हवेसाठी एक छोटा ब्रीदर असतो. तो मातीने बुजला होता. गरम हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकुंचन पावते, ब्रीदर बंद असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. अकरावीचं फिजिक्स! यात गाडीचा दोष शून्य. दोष आमचा.

यंदा आम्हाला रिलायबिलिटी शिकवली आणि डोक्यात दिवा पेटला. समजा एका यंत्रात १०० भाग आहेत, एक बंद पडला की यंत्र बंद, आणि प्रत्येक भाग ९९ टक्के भरवशाचा. तर सगळे भाग एकदम चालण्याची शक्यता फक्त ३७ टक्के! जुनी गाडी या हिशेबात हरणारच असं वाटतं. पण तिची दुसरी बाजू म्हणजे दुरुस्ती. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस भारतात विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे कित्येक दशकं जीपची मूळ रचना तीच राहिली. मजबूत चासी, पाट्यांचं सस्पेन्शन, पुढे-मागे अखंड अॅक्सल. त्यामुळे पार्ट मिळतात, आणि न मिळाला तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बुश करून देणारे आहेत. समजा, जुनी गाडी ३० दिवसांनी बिघडते आणि अर्ध्या दिवसात दुरुस्त होते, तर ती ९८ टक्के वेळ हजर. नवी ३०० दिवसांनी बिघडते पण पार्टसाठी १० दिवस उभी राहते, तर ती ९७ टक्के. बाबांना हा हिशेब दाखवला तेव्हा मी जाम खूश होते.

बाबा म्हणाले, "त्या रात्री ती अठ्ठ्याण्णव टक्क्यांत होती की दोन टक्क्यांत?"

माझी बोलती बंद. कारण त्या रात्रीपर्यंत आमच्या हिशेबात जीप धडधाकट होती. रोज चालत होती! फोर-व्हील ही स्टँडबाय वस्तू आहे, जनरेटरसारखी. चालत्या वस्तूचा बिघाड लगेच कळतो, स्टँडबायचा बिघाड लपून बसतो आणि गरजेच्या क्षणीच बाहेर येतो. त्यावर उपाय एकच, ठरावीक दिवसांनी तपासणी. महिन्याला तपासलं तर बिघाड सरासरी पंधरा दिवस लपेल. तपासलंच नाही तर कितीही वर्षं. जुन्या फोर-व्हीलचा भरवसा किलोमीटरवर किंवा वयावर तितका ठरत नाही, जितका दोन तपासण्यांमधल्या अंतरावर ठरतो.

जीप विकली नाही. पण फुकटचं प्रेमही नको. तिला एअरबॅग नाही, लांबच्या हायवेला ती न्यायची नाही असं ठरलं. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झाली, तोही खर्च आहे. आणि नियम घातले. दर महिन्याच्या एक तारखेला मातीच्या वाटेवर लिव्हर टाकून दोन किलोमीटर चालवायची. पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीसिंग, ब्रीदर साफ, हौसिंगचं ऑइल बोटावर घेऊन रंग बघायचा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले, नाहीतर सरळ रस्त्यावरही तोच ताण येतो. कालनिर्णयवर प्रत्येक एक तारखेला लाल गोल आहे.

सुट्टीत ते काम माझं. एरवी आजोबांचं. महिन्याच्या एक तारखेला संध्याकाळी हॉस्टेलवर फोन येतो. मेसची घंटा वाजत असते, पलीकडून आजोबा एवढंच म्हणतात, "टाकला गं लिव्हर." मागून आजीचा आवाज येतो, "जेवलीस का विचारा तिला."

जाता जाता एक विनंती. आज जेवायला जाताना जिन्यातल्या लाल फायर सिलिंडरवरची तारीख वाचा. तोही स्टँडबायच आहे!