डीएनएचा सांधा आणि बॉम्बे रक्तगट

डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले, तर पेशीला ती तूट तातडीने सांधावी लागते. किरणोत्सर्ग, पेशीतील रासायनिक घडामोडी आणि डीएनएची प्रत निघताना येणारे अडथळे ही तिची नेहमीची कारणे. दुरुस्तीचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यात कू नावाचे प्रथिन सुटी टोके धरते आणि लायगेझ हे विकर ती जोडते. काम झटपट होते. पण सांध्यापाशी डीएनएच्या अनुक्रमातली काही अक्षरे गळू शकतात. दुसऱ्यात रॅड-51 प्रथिनाच्या मदतीने तुटका धागा आपल्यासारखाच अनुक्रम शोधतो आणि त्यावरून गेलेला मजकूर पुन्हा लिहिला जातो. हा मार्ग अधिक बिनचूक असतो.

पुनरावृत्त अनुक्रमांजवळ मात्र हा शोधच घात करतो. माणसाच्या जनुकसंचात सुमारे 300 अक्षरांच्या ‘अलू’ अनुक्रमाच्या 10 लाखांहून अधिक प्रती विखुरलेल्या आहेत. अभंग उतरवून घेताना नजर एका ध्रुपदावरून पुढच्या ध्रुपदावर गेली की मधले चरण गळतात. तसेच एका अलूची गाठ दुसऱ्या अलूशी पडली की मधला डीएनए वगळला जातो. रॅड-52 प्रथिनाच्या आणखी एका मार्गात तर दोन सारखे तुकडे थेट एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यामधला भाग हमखास जातो.

पेशी याला आवर घालते. जुळलेल्या धाग्यांत विसंगत अक्षरे फार आढळली, तर चूकदुरुस्तीची प्रथिने ती जुळणी सोडवतात. पुनरावृत्तींनी दाट भरलेल्या भागात तूट पडली, तर ती आधी त्या भागाबाहेर हलवली जाते आणि मगच सांधली जाते. फळमाशीच्या पेशींत हे 2011 साली दाखवून देण्यात आले.

तरीही निसटलेल्या चुकीची एक खूण महाराष्ट्राच्या रक्तात आहे. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगटाची नोंद केली. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए आणि बी प्रतिजनांचा पाया असलेले एच प्रतिजनच नसते. अशा भारतीय व्यक्तींत दोन बदल जोडीने आढळले. फ्यूट-1 जनुकात एक अक्षर बदललेले असते, म्हणून तांबड्या पेशींवर एच बनत नाही. शेजारच्या फ्यूट-2 जनुकाचा मुख्य भाग नाहीसा झालेला असतो, म्हणून लाळेतही एच उतरत नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फ्यूट-2 मधून गळालेल्या सुमारे 10 हजार अक्षरांच्या तुकड्याचा सांधा दोन अलू अनुक्रमांत सापडला. दोन्ही जनुके 19व्या गुणसूत्रावर जवळजवळ असल्याने हे बदल एकत्रच पुढच्या पिढीत जातात.

केवळ ए आणि बीची चाचणी केली, तर हे रक्त ‘ओ’ वाटते. पण त्यात एचविरोधी प्रतिपिंडे असतात. या व्यक्तींना ओ गटाचे रक्त चढवले तर जीवघेणी प्रतिक्रिया होऊ शकते. एचविरोधी द्रव्याने तपासणी किंवा ओ पेशींशी उलट तपासणी केली की फरक लगेच कळतो. पण ऐनवेळी त्यासाठी सवड मिळेलच असे नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातून, बोरघाटातून जातो. तिथला अपघात असो वा कर्जतच्या दुर्गम आदिवासी वाडीतले बाळंतपण, रक्ताची निकड अचानक उभी राहते. म्हणून ओ गट सांगितला गेलेल्या प्रत्येकाने ही तपासणी आधीच करून घ्यावी. एखाद्याचा गट बॉम्बे निघाला, तर सख्ख्या भावंडांचे रक्तही तपासावे. प्रत्येकात तो गट असण्याची शक्यता किमान चारात एक असते. अशा दात्यांनी रक्तपेढीत नाव नोंदवावे, कारण या रुग्णाला तांबड्या पेशी याच गटाच्या लागतात.