अश्लीलतेचा कायदा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: अश्लील म्हणजे काय, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे.

भारतीय दंड संहितेचं कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९४ झालं आहे. आशय तोच राहिला: कामुक, वासना चाळवणारं किंवा वाचणाऱ्याला, पाहणाऱ्याला नीतिभ्रष्ट करू शकेल असं काहीही अश्लील. भ्रष्ट होणं म्हणजे काय आणि ते ओळखायचं कसं, यावर कायदा गप्प आहे. ते न्यायाधीशाने ठरवायचं. टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि मला तो पटतो. आपण गुन्हा करतोय की नाही हे लिहिणाऱ्याला आधी कळायलाच हवं.

या मोघमपणाचं मूळ इंग्लंडमधल्या १८६८च्या हिक्लिन खटल्यात आहे. वाईट प्रभावाला सहज बळी पडेल अशा माणसावर काय परिणाम होईल, ही तिथली कसोटी. इंग्लंडने १९५९ साली नवा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’चे प्रकाशक निर्दोष सुटले. आपल्याकडे मात्र तेच पुस्तक विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तक विक्रेत्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली कायम केली. हिक्लिनची कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार खटल्यात बाजूला ठेवली आणि समाजाची आजची धारणा प्रमाण मानली. पण समाज म्हणजे कोणता? मुंबईतला, मराठवाड्यातला, की तक्रार करणाऱ्याच्या ओळखीचा?

गैरसमज: नग्नता किंवा शिवीगाळ असली की झालं अश्लील.

नाही. ‘बँडिट क्वीन’ या चित्रपटातल्या नग्न दृश्याला १९९६ साली न्यायालयाने अश्लील मानलं नाही. २०२४ साली एका वेब मालिकेच्या प्रकरणात, शिव्या असभ्य असल्या तरी तेवढ्याने अश्लील ठरत नाहीत, असं स्पष्ट केलं. शिवाय परिणाम एकूण कृतीचा पाहायचा असतो, वेचून काढलेल्या दोन ओळींचा नव्हे. कला, साहित्य, विज्ञानासाठी लोकहिताचा अपवादही कलमातच आहे.

गैरसमज: निर्दोष सुटला म्हणजे नुकसान झालं नाही.

चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली. पुण्यातल्या एका वाचकाने खटला भरला. खालच्या कोर्टाने काकोडकरांना सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. लैंगिक उल्लेख आला म्हणून पुस्तक दूर ठेवायचं झालं, तर तरुणांना धार्मिक ग्रंथांपलीकडे काही वाचताच येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. निकाल उत्तमच. पण एका कथेसाठी लेखक सात वर्षं टांगणीला राहिला, त्याची भरपाई कोण देणार?

र. धों. कर्व्यांच्या वाट्याला तर सुटकाही आली नाही. ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरं देत. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी त्यांना दंड झालाच.

गैरसमज: या कायद्याचे टीकाकार म्हणजे अश्लीलतेचे समर्थक.

मुलांचं लैंगिक चित्रण किंवा संमतीविना पसरवलेली चित्रफीत यांत कुणाचं तरी थेट नुकसान होतं. त्यासाठी पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात वेगळ्या तरतुदी आहेत, आणि त्या कडक हव्यातच. पण कुणाचंही नुकसान दाखवता येत नसेल, तिथे केवळ कुणाच्या तरी संकोचापोटी लेखकाला आरोपी करू नये.