वावरातला प्रश्न वर्गात येऊ द्या

घरातल्या आठवी-नववीच्या पोराला आज संध्याकाळी विचारून पाहा, "शाळेत काय शिकवलं रे?" बहुतेक घरांत उत्तर येईल, "काही नाही." पोरगं खोटं बोलत नाही. फळ्यावरचं वहीत उतरलं, पण आत काही गेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इंझोरीच्या शिवारात हेच पोरगं सुटीच्या दिवशी वेगळं दिसतं. कोणत्या धुऱ्याला पाणी साचतं, कोणत्या तासात मर लागली, कोणती गाय दूध चोरते, हे ते न चुकता सांगतं. म्हणजे नजर आहे, डोकंही आहे. मग वर्गातच त्याला पेंग का यावी?

हा प्रश्न साधा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा आधार ६ ते १४ वर्षांपर्यंतचा. नववीत ज्याचं मन उडालं, त्याच्यासाठी सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी वाट पाहतच असते. मुलगी असेल तर लग्नाची बोलणी सुरू होतात. "त्याचं शाळेत मन लागत नाही" हे वाक्य आपण सहज बोलून जातो, पण शाळा सुटण्याची सुरुवात तिथूनच होते.

शेतीशाळेत कोणी का झोपत नाही?

कृषी विभागाची शेतीशाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियातल्या भातशेतीत सुरू झाली. तिथे भाषण कमी असतं. शेतकरी गट करून वावरात उतरतात, झाडं निवडतात, किडी आणि मित्रकीटक मोजतात, कागदावर मांडतात आणि फवारणी करायची की नाही ते स्वतः ठरवतात. तिथे कोणी पेंगत नाही, कारण उत्तर चुकलं तर खिशातून पैसा जातो. ज्या प्रश्नाच्या उत्तराची कोणाला तरी गरज आहे, तो प्रश्न माणसाला जागं ठेवतो. मुलांचंही तसंच आहे.

हे नुसतं बोलणं नाही, आपल्या राज्यात झालेलं काम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरसारख्या कंपनीतले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. हायस्कूलच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करून शिकायचं, असा तिथला अभ्यासक्रम. शेती-पशुपालन, यंत्रकाम, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. महत्त्वाची गोष्ट ही की मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगी पडावं, असा कलबागांचा आग्रह होता. २००३ मध्ये ते गेले, पण हा अभ्यासक्रम पाबळबाहेरच्या अनेक शाळांत पोचला. त्याही आधी, १९३७ मध्ये, आपल्या विदर्भातच वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी कामातून शिक्षणाचा विचार मांडला होता.

सुरुवात बियाण्यापासून करा

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, दुबार पेरणी करावी लागली. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. मळणीत मार बसला किंवा पोत्यांची थप्पी उंच लागली तरी उगवण घटते. म्हणून घरचं बियाणं तपासूनच पेरायचं, हे आम्ही दरवर्षी सांगतो. हेच काम नववीच्या वर्गाला द्या.

प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या बियाण्यातून न निवडता १०० दाणे मोजून आणायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची. ती सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं.

६२ च निघाले तर? इथे गणिताचा तास सुरू होतो. ७० ला ३०, तर ६२ ला किती? उगवण कमी तर बियाणं जास्त, म्हणजे व्यस्त प्रमाण. उत्तर येतं सुमारे ३४ किलो. उगवण त्याहून फारच कमी आली तर ते बियाणं पेरूच नये. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे चाळीस घरांचं बियाणं तपासून झालं.

वेळेचं मात्र भान ठेवा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पेरणी सुरू झालेली असते. म्हणून वर्गातली तपासणी मार्च-एप्रिलमध्ये करा. तीच मुलं जूनच्या सुरुवातीला, सुटीत, घरी पुन्हा तपासणी करतील. शिकवायला कोणी लागणार नाही.

वर्षभर पुरेल एवढं काम

पावसाळ्यात शाळेच्या आवारात साधं पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या. शासनाचा पाऊस महसूल मंडळाच्या ठिकाणी मोजला जातो, आणि एका गावात धो-धो असताना शेजारचं गाव कोरडं राहतं, हा आपला अनुभव आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने २५ मिलिमीटर पावसात एका एकरावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडतं. हे गणित मुलाने स्वतः सोडवलं की बांध-बंदिस्ती कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सोंगणीच्या वेळी तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी पीक कापणी प्रयोगाला वर्ग बोलवावा. १० बाय ५ मीटरचा प्लॉट म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. वजनाला २०० ने गुणलं की हेक्टरी उत्पादन. पीकविम्याच्या हिशेबाशी जोडलेला हा आकडा कुठून येतो, हे घरच्या मोठ्यांनाही मग पोरांकडून कळेल.

तूर-हरभऱ्यात कामगंध सापळे लावून घाटेअळीचे पतंग रोज मोजता येतात. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग आले की सावध व्हायचं. आलेख काढायला यापेक्षा चांगला विषय कोणता?

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा

एक, मुलांना फुकटचे मजूर करू नका. मोजणं, नोंद ठेवणं आणि निष्कर्ष काढणं नसेल तर ते शिक्षण नाही, नुसतं निंदण आहे. दुसरं, औषधाचा डबा, फवारणी पंप आणि मळणीयंत्र यांच्याजवळ मुलं जाता कामा नयेत. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने गेलेले जीव विसरू नका.

"काहून बाप्पा, मग दहावीच्या निकालाचं काय?" असं कोणी विचारेल. आठवड्यातल्या दोन तासांनी निकाल पडत नाही. टक्केवारी, प्रमाण, आलेख, बीजाची रचना हे सारं पुस्तकातलंच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत.

शिक्षकांवर सारा भार टाकून मात्र चालणार नाही. सरपंचांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. पर्जन्यमापक आणि चार सापळ्यांचा खर्च ग्रामपंचायतीला जड नाही. ज्याचं वावर शाळेजवळ आहे, त्याने दोन ओळी मोजायला मोकळ्या ठेवाव्यात. कृषी सहायकाला महिन्यातून एक तास शाळेत बोलवा, तो येईल.

आणि आपण पालकांनी एवढंच करायचं. पोराने बियाण्याचा आकडा आणला तर तो हसण्यावारी नेऊ नका. त्या आकड्यावर पेरणीचं बियाणं ठरवा. आपल्या मोजणीवर बापाने पेरणी केली, हे ज्या पोराने पाहिलं, ते दुसऱ्या दिवशी शाळेत जायला कंटाळणार नाही.