तलावाचा दर्प काय सांगतो?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले पोहण्याच्या तलावावरून घरी परततात ती लाल डोळे चोळीत. त्यांच्या केसांना व कपड्यांना एक उग्र दर्प येत असतो. "आज पाण्यात औषध फार टाकले होते," असे ती सांगतात आणि आईवडिलांनाही ते खरे वाटते. मग तलावाच्या व्यवस्थापकाकडे तक्रार जाते. लोकांचे समाधान व्हावे म्हणून तो क्लोरीनचे प्रमाण कमी करतो. दर्प मात्र जात नाही. कित्येकदा तो वाढतोच. शिवाय रोगजंतूंना त्या पाण्यात थारा मिळू लागतो, तो निराळाच.

असा उलटा परिणाम का व्हावा? १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी येथे नळाच्या पाण्यात क्लोरीन नित्य मिसळण्यास आरंभ झाला, तेव्हापासून जगभर हा पदार्थ पाण्याचा रक्षक ठरला आहे. पाण्यात पडताच त्याचे हायपोक्लोरस आम्ल बनते व ते बहुतेक रोगजंतूंचा झपाट्याने नाश करते. या कार्यक्षम अंशाला मोकळा क्लोरीन म्हणतात. परंतु पोहणाऱ्यांच्या अंगावरील घाम आणि पाण्यात मिसळणारे मूत्र यांत युरिया व अमोनिया असतात. त्यांच्याशी संयोग झाला की क्लोरीनची क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. हा बद्ध क्लोरीन जंतूंच्या बाबतीत दुबळा असतो. डोळे, नाक व घसा यांना मात्र तोच झोंबतो. तात्पर्य, उग्र दर्प हे बहुधा क्लोरीन जास्त झाल्याचे लक्षण नसून, तो मळाशी झगडण्यात खर्ची पडल्याचे लक्षण होय. नीट राखलेल्या तलावाला वास असा फारसा येतच नाही.

छपराखालील तलावात ही गोष्ट अधिक जाणवते. क्लोरामाइनचा वायू पाण्याच्या पृष्ठभागालगत साचून राहतो आणि पोहणारा नेमका तेथेच श्वास घेत असतो. तलावाचे शिक्षक व जीवरक्षक यांना तर त्या हवेत रोज कित्येक तास काढावे लागतात. म्हणून खिडक्या व पंखे यांची उत्तम व्यवस्था ही तेथे चैन नसून गरज आहे.

व्यवस्थापकाने काय करावे? पाण्याच्या नमुन्यात परीक्षणाची गोळी टाकली असता गुलाबी रंग येतो. तो नमुन्याच्या रंगांशी ताडून मोकळा व बद्ध असा दोन्ही प्रकारचा क्लोरीन मोजता येतो. दर लिटरला मोकळा क्लोरीन निदान १ मिलिग्रॅम असावा व बद्ध क्लोरीन ०.४ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचा अंक, ७.२ ते ७.८ या दरम्यान हवा. तो ८ झाला, तर मोकळ्या क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्साच प्रभावी राहतो. बद्ध क्लोरीन वाढल्यास तलाव बंद झाल्यावर त्याच्या सुमारे दहापट क्लोरीन देऊन ही संयुगे मोडतात आणि प्रमाण पूर्ववत होईपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देत नाहीत. सामू उतरविण्यासाठी वापरावयाचे आम्ल आणि क्लोरीनचे औषध मात्र कधीही एकत्र करू नये. त्यातून प्राणघातक वायू बाहेर पडतो.

थोडे पाणी नित्य बदलणे हाही चांगला उपाय आहे. जर्मनी व ब्रिटन येथे पोहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीमागे ३० लिटर ताजे पाणी तलावात घालावे, असा दंडक आहे. पण ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याचे पाणीही टँकरने येते, तेथे हा उपाय महागच पडणार. सर्वांत स्वस्त उपाय आपल्याच हाती आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी एक मिनिटभर अंग नीट धुतले, तरी अंगावरील बराचसा मळ व घाम निघून जातो. केसांचे तेल व अंगाची पावडरही साबणाने धुऊन टाकावी. मुलांना आधी लघवीला नेऊन आणावे व लहानांना दर तासाला पाण्याबाहेर काढावे. ज्या मुलाला जुलाब होत आहेत, त्याला बरे होईपर्यंत तलावावर मुळीच पाठवू नये. काही रोगजंतू क्लोरीनयुक्त पाण्यातही कित्येक दिवस तग धरून राहतात.

तेव्हा पुढच्या वेळी मुलांचे डोळे लाल दिसले, तर "औषध कमी टाका" असा आग्रह धरू नका. आजच्या परीक्षणात मोकळा क्लोरीन किती निघाला व बद्ध किती, एवढेच विचारा, आणि घरी आल्यावर मुलांनाही विचारा, "पाण्यात उतरण्याआधी अंघोळ केली होती ना?"