युद्धकैद्याचा सन्मान कशासाठी?

ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर पुण्यात वारले. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात मी त्यांची हकिगत वर्गात सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, पण ते शत्रूच्या हाती सापडले होते ना? मग सन्मान कशाचा?"

हा मुलगा आमच्याच बौद्धवाड्यातला. त्याचे आजोबा फौजेत शिपाई होते. लढाईत पकडले गेले, सुटून गावी आले. पण 'सापडलेला शिपाई' हा शब्द त्यांना मरेपर्यंत चिकटून राहिला. मुलाचा प्रश्न परुळकरांविषयी नव्हता, आजोबांविषयी होता. म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

परुळकरांनी १९६५ च्या युद्धात खांद्याला गोळी लागलेली असताना जायबंदी विमान तळावर परत आणले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई विमान पाकिस्तानात पाडले गेले व त्यांना रावळपिंडीच्या छावणीत ठेवण्यात आले. ऑगस्ट १९७२ मध्ये मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह ते भिंतीला भगदाड पाडून निसटले. बसने पेशावर, तेथून पुढे लंडी कोतल. अफगाण सरहद्द काही मैलांवर राहिली होती. तेथे त्यांनी लंडी खान्याची वाट विचारली. नकाशात ते स्टेशन होते, पण तिथली रेल्वे १९३२ सालीच बंद पडली होती. लोकांना संशय आला आणि तिघे पुन्हा पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी ते इतर कैद्यांबरोबर वाघामार्गे मायदेशी परतले. या फसलेल्या प्रयत्नाचाच पुढे विशिष्ट सेवा पदकाने गौरव झाला.

म्हणजे पकडले जाण्याने सैनिकपण संपत नाही. १९४९ चा तिसरा जिनेव्हा करार हेच मानतो. युद्धकैदी हा गुन्हेगार नव्हे. नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक यांपलीकडे काही सांगण्यास तो बांधलेला नाही. पळून जाण्याचा प्रयत्न फसला, तर तेवढ्यासाठी त्याला शिस्तभंगाचीच शिक्षा देता येते. तीही तीस दिवसांहून अधिक नाही. लढाई थांबल्यावर त्याला विनाविलंब परत पाठवलेच पाहिजे.

पण याच कराराची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. छावणीतही उतरंड असते. करारात ठरलेली महिन्याची आगाऊ रक्कम साध्या शिपायाला आठ स्विस फ्रँक, तर मेजरखालच्या अधिकाऱ्याला पन्नास. शिपायाला कामाला जुंपता येते, अधिकाऱ्यावर कामाची सक्ती करता येत नाही. महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे लिहिण्याचा हक्क मात्र सर्वांना सारखा. परंतु ज्याच्या पिढ्यांना पाटी मिळाली नाही, त्याने हा हक्क वापरायचा कसा?

परुळकरांच्या सुटकेवर इंग्रजीत पुस्तक झाले, चित्रपट निघाला. ते योग्यच झाले. परंतु १९६२ साली चीनच्या कैदेत सुमारे ३,९०० भारतीय सैनिक होते आणि त्यांत बहुसंख्य साधे जवान होते. त्यांतल्या किती जणांची हकिगत आपल्या वाचनात आहे? त्यांचे धैर्य कमी होते असे नाही. त्यांच्याजवळ लेखणी नव्हती, आणि लेखणीवाले त्यांच्या दाराशी गेले नाहीत.

नोंदीची किंमत आपल्याला तरी कोणी शिकवायला नको. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरली गेली. म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे उभे राहिले, तेव्हा ते दगडावर बोट ठेवून बोलू शकत होते. महारांची भरती बंद झाली, तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला तोही जुन्या सेवेचा दाखला देऊनच. जिथे नाव लिहिलेले होते तिथे हक्क मागता आला. जिथे नव्हते तिथे टोमणा उरला.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कागद नसलेल्या माणसाची कचेरीत काय गत होते, हे मी वडिलांचे बोट धरून पाहिले आहे. म्हणून माझे सांगणे साधे आहे. शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या माजी सैनिकांची एक वही करावी. नाव, क्रमांक, पलटण, कोणती लढाई. कैदेत गेला असल्यास कुठे पकडला गेला, कोणत्या छावणीत होता, कधी सुटला. तो हयात असेल तर त्याच्याच तोंडून. नसेल तर पत्नीकडून, भावाकडून. पेन्शनचे कागद पाहावेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. हार-शाल त्यानंतर.

पुढच्या आठवड्यात तो मुलगा पत्र्याच्या पेटीतले आजोबांचे डिस्चार्ज बुक घेऊन आला. कडा कुरतडलेल्या होत्या, पण नाव आणि क्रमांक शाबूत होता. आमच्या वहीतली पहिली नोंद त्यांची आहे. ती मी लिहिली नाही, नातवाने लिहिली.